सुतळी

टेम्पोची सीट बघते दापोलीकडे,
पेडलं आंजर्ल्याकडे.
मधे मी.

चौदा महिने अशीच चालवली,
कंबर एका गावाला, टाचा दुसऱ्या गावाला.
माझं माहेर आंजर्ल्याचं.
जाऊ म्हणायची, बाईचे पाय वळायचेच तिकडे,
टेम्पोला कशाला बोल लावतेस?
मी हसायचे.
आसूदचा चढ लागला की
ते हसू गुडघ्यात उतरायचं.

आधीचा मालक शिगवण, माडासारखा उंच.
सीटमध्ये त्याच्या बसण्याचा खळगा.
त्यात बसलं की मला आभाळ दिसायचं, रस्ता नाही.
म्हणून पाठीशी उशी, उशीमागे गोणपाट,
बुडाखाली जुन्या जाळ्याचा गुंडाळा.
तरी क्लच पुरता दाबायचा
तर अर्धं अंग खाली सोडायचं,
तळ गाठलेल्या विहिरीत
कळशी सोडावी तसं.

ब्रेक वर, एक्सलेटर खाली,
आणि दोघं इतके खेटून
की चप्पल एकदम दोघांवर पडायची.
चप्पल काढून ठेवली.
रबर झिजलेलं. हौद्यातून बर्फाचं पाणी
फटीफटीतून पुढे येऊन तळव्याला लागायचं.
हर्णैच्या लिलावातून पहाटे निघालेले बांगडे
खेडला ताजे पोचायचे.
मी पोचायचे ती वाकून.
उतरताना दाराला धरून
आकडे मोजायचे, सात, आठ,
मग पाय माझा व्हायचा.

बुरोंडी नाक्यावर निसार खतीबचं गॅरेज.
त्याला म्हटलं, क्लच जड झालाय.
त्याने काही उघडलं नाही.
म्हणाला, बसा.
मी बसले.
असं नको. रोज बसता तसं बसा.

मग सुतळी काढली खिशातून.
खुब्यापासून टाचेपर्यंत धरली, मधे दोन हात अंतर राखून,
सुतळीचं टोक मलाच धरायला लावून.
ब्लाउजवाल्या कुसुमशिवाय
माझं माप कुणी घेतलं नव्हतं आजवर.
एक गाठ मारली. हे तुमचं.
पुढे दुसरी मारली. हे गाडीचं.
दोन गाठींमध्ये चार बोटं.

चाक मधे येतं हो, तो म्हणाला,
चाकाला जागा करता करता
माणसाला सरकवलंय.

क्लचवर फणसाच्या लाकडाचा ठोकळा बसवला,
ब्रेकचा दांडा तापवून वाकवला,
सीटला पुढे नवी भोकं पाडली.
आणि अगदी डावीकडे एक फळी ठोकली, तिरकी, बिनकामाची.
ही कशाला?
डाव्या पायाला टेकायला.
तेव्हा कळलं, तो पाय चौदा महिने
पाहुण्यासारखा अवघडून बसला होता,
कुणी बस म्हटलं नाही म्हणून.

सगळं लगेच बरं झालं, असं नाही.
दुसऱ्याच दिवशी आसूदच्या वळणावर
म्हैस आली आडवी,
आणि पाय गेला जुन्या जागी.
तिथे काहीच नव्हतं.
नुसता पत्रा.
मग कुठून तरी ब्रेक सापडला.
मागे सगळे क्रेट एका बाजूला आले,
म्हैस माझ्याकडे बघून
सावकाश गेली पोफळींत.
मी इंजिन बंद करून बसले थोडा वेळ.
दुखत नव्हतं कुठेच, आणि
हात थरथरत होते.

आता पाय विसरलाय जुनं.
टेम्पोही बघतो दापोलीकडे.
सुतळी आरशाला लटकतेय, लिंबू-मिरचीशेजारी.
जाऊ विचारते, माहेर सुटलं वाटतं?
म्हटलं, आता जाते तेव्हा चालत जाते तरी नीट.

परवा पुतण्या म्हणाला, काकी,
आजची खेप मी नेतो.
बसला. गुडघे स्टिअरिंगला लागले.
क्लचवरचा ठोकळा बघून म्हणाला,
किती वाकडं करून ठेवलंयस हे,
माणूस कसा चालवणार?

उशी, गोणपाट, जाळ्याचा गुंडाळा
अजून पडलेत मागे,
पण त्यातलं काहीच
त्याच्या कामाचं नव्हतं.
चार बोटांची गोष्ट सांगणार होते,
सुतळीला हातही लावला.

बर्फ वितळत होता.
म्हटलं, सरक.